प्रवेश मिळाला नाही

सोमवार, ५ जानेवारी

ताई,

आधी नोटीस वाच, मग हे. नोटीस खरी आहे, शिक्का खरा आहे, आणि शिक्क्याखाली 'कार्यालयीन सहायक' म्हणून जी सही आहे ती माझी आहे. सही ओळखून पाकीट केरात टाकलं असशील तर तू हे वाचतच नाहीयेस, म्हणजे प्रश्नच मिटला.

घाबरू नकोस. तुला शोधत आलेली नाही मी. मी एका ऑफिसात नोकरी करते. भाड्याच्या घरांमधला गॅस वर्षातून एकदा तपासून घ्यायचा, हे आमचं काम. घरमालक यादी देतात, मी भाडेकरूंना फोन करून वेळ ठरवते, फिटर जाऊन शेगडी, नळी, गीझर, धुराचा पाइप बघून येतात आणि मी प्रमाणपत्र टाइप करते. दिवसभर हेच. काकू, गुरुवारी अकरा ते एक घरी आहात का? काकू म्हणतात, थांब, ह्यांना विचारते. ह्यांना स्वतःच्या घरात गीझर आहे की नाही हेही माहीत नसतं.

तर यादीत तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरापुढे तुझं नाव आहे. लग्नाआधीचं. मी कोणाला बोललेले नाही. आईला नाही, ऑफिसात नाही.

ऑफिसचा फोन तू उचलत नाहीस. तू कोणाचाच उचलत नसशील, असं मी धरून चालले आहे. गुरुवारी अकराला आमच्या फिटरबाई येतील. बाई आहेत, एकट्या येतील. तुमच्या बाजूला खरं तर दुसरे फिटर जातात, मी खटपट करून यांचं नाव लावलं. निळी पेटी, आवाज मोठा, आणि जिना चढताना स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या देतात. त्यावरून ओळखशील. वीस मिनिटांचं काम आहे. दार उघड, बस.

गेल्या वर्षी तुमचं सगळं ठीक होतं. तसं कागदावर आहे. काळजीचं काही नाही, पण दर वर्षी करावं लागतं.

गोटी कशी आहे हे विचारणार नव्हते. विचारलं नाही असं समज.

कार्यालयीन सहायक
(आणि बाकी जे काय नातं उरलं असेल ते)


शुक्रवार, ९ जानेवारी

ताई,

काल उघडलं नाहीस.

फिटरबाईंनी तीनदा बेल मारली. आत नळ चालू होता, बेल वाजली तसा बंद झाला, म्हणाल्या. फॉर्मवर त्यांनी लिहिलं, 'प्रवेश मिळाला नाही'. मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, अगं, नळ बंद करायला घरात माणूस लागतं ना? की नळच मला घाबरला? सगळे हसले. मीही हसले. न हसून सांगणार कोणाला.

आता नीट ऐक. डिसेंबरातली एक खेप आणि कालची एक, अशा दोन झाल्या. आमच्याकडे दोन खेपा भाडेकरूच्या सोयीने होतात, तिसरी घरमालकाच्या किल्लीने. तिसरी येत्या गुरुवारी आहे, पंधरा तारखेला. तुझ्या घरमालकांना मी फोन करून म्हटलं, आणखी एक संधी देऊ या का? तर म्हणाले, घर माझं, किल्ली माझी, मी काय चोर आहे का? चोर नाहीत ते. बरे गृहस्थ आहेत, दर वाक्याला खोकतात. पण बाहेरून कुलपात किल्ली फिरायला लागली की तुझं काय होईल ते मला माहीत आहे. दुसऱ्या कोणाला माहीत असायचं कारण नाही. मला आहे, कारण ते माझ्यामुळे आहे.

बघ, आलंच ते. मी ठरवलं होतं की फक्त गॅसचं लिहायचं.

तू भाऊजींचं घर सोडलंस तेव्हा पत्ता फक्त मला दिला होतास. आई जेवत नव्हती. म्हणायची, बाकी काही नको, पोरगी कुठल्या रस्त्याला राहते एवढं कळू दे. मी रस्ता सांगितला. दुसऱ्या दिवशी इमारत. आईने ते भाऊजींना सांगितलं, कारण भाऊजीही तिच्यापुढे बसून रडले. आपल्या घरात रडणाऱ्या माणसापुढे कोणाचं काही चालतं का? मग त्यांनी तुझ्या दाराचं काय केलं, ते मी पोलिसांच्या कागदावर वाचलं. गोटी तेव्हा चार वर्षांची होती, तेही त्या कागदावर होतं.

तू फोनवर एकच वाक्य बोललीस. पुन्हा माझ्या दारात दिसलीस तर मी तिथूनही जाईन. म्हणून मी येत नाही. म्हणून ही पाकिटं.

भाऊजी अजून रविवारी येतात. आईशी बोलत बसतात. तेवढा वेळ माझा मोबाइल मी खिशातून काढत नाही आणि ऑफिसबद्दल कोणी विचारलं तर पगार किती कमी आहे त्यावर बोलत राहते.

एक गोष्ट खरी सांगते. तुझा हा नवा पत्ता मला आत्ता नाही कळला. गेल्या जानेवारीतच कळला होता, याच यादीत. बारा महिने झाले. आई दर आठ-पंधरा दिवसांनी विचारते, काही कळलं का गं तिचं? मी म्हणते, मला काय माहीत. शाबासकी नको, पण नोंद असू दे.

आता काही प्रश्न. हे आम्ही सगळ्यांनाच विचारतो. गीझरची ज्योत निळी आहे ना? पिवळट असेल तर वापरू नकोस. आंघोळीनंतर डोकं जड होतं का? गोटीचं? मळमळतं का? बाथरूमची खिडकी थोडी उघडी ठेवत जा. थंडी असली तरी.

सहज विचारतेय. नाही, सहज नाही. पण उघड गं दार.

मी


गुरुवार, १५ जानेवारी
सकाळी १०.५०, तुमच्या जिन्यात

ताई,

हो, आले आहे. जायचं तर जा, पण आधी ऊठ आणि सगळ्या खिडक्या उघड.

फिटरबाई आज तुझ्याकडे यायच्या आधी खालच्या मजल्यावर गेल्या, मास्तरांकडे. मास्तर आंघोळ करून खुर्चीत बसले होते आणि स्वतःच्या बायकोला ओळखत नव्हते. फिटरबाईंनी बाथरूममध्ये विषारी वायू मोजायचं यंत्र धरलं तर ते ओरडायलाच लागलं. तुमच्या सगळ्यांच्या गीझरचा धूर एकाच डक्टमधून गच्चीवर जातो. डक्टच्या तोंडावर कोणीतरी पत्रा टाकलाय, गच्ची दुरुस्त केली तेव्हा, आणि तो तसाच राहिला. धूर वर जातच नाही. घरात परत येतो. त्याला वास नसतो, ताई. तो कळत नाही.

मास्तरांना दवाखान्यात नेलंय. फिटरबाईंनी अख्ख्या इमारतीचा गॅस मीटरवर बंद केला. मला फोनवर म्हणाल्या, तुझ्या त्या न उघडणाऱ्या बाईची किल्ली मागव. मी पर्स न घेताच धावले.

फिटरबाई दार बडवतायत ते ऐकू येतंय ना? 'गॅस, गॅस' असं ओरडणाऱ्या त्याच.

दारात गोटीचे बूट आहेत. केवढे मोठे झाले. बूट घरी म्हणजे गोटी घरी.

११.०२

काहीच आवाज नाही. आज नळही नाही.

दाराच्या फटीशी यंत्र धरून बघितलं, आकडा थोडासाच आला. मी सुटकेचा श्वास टाकला तर फिटरबाई म्हणाल्या, टाकू नकोस, आतून कापड कोंबलंय, ही फट खोटं बोलतेय.

घरमालक निघालेत, वीस मिनिटं म्हणाले. फिटरबाई म्हणतात, मी दहा थांबेन, मग खांदा लावेन, गुडघे गेले तरी खांदे शाबूत आहेत माझे. आणि म्हणाल्या, इथे नुसती उभी राहू नकोस, काहीतरी कर. मला दुसरं काही येत नाही म्हणून लिहितेय. फॉर्मच्या पाठीवर लिहितेय, उलटून बघू नकोस.

दोन पत्रांत जे लपवलं ते आता सांगते. नंतर सांगायला तू असशील की नाही, मला माहीत नाही.

गेल्या वर्षी तुझ्या घरात कोणीच आलं नव्हतं. दोन खेपा झाल्या, तू उघडलं नाहीस. तेव्हाचे फिटरकाका जिन्यातल्या मीटरला यंत्र लावून गेले. 'मीटरवर गळती नाही. आत प्रवेश मिळाला नाही.' एवढंच लिहिलं त्यांनी, आणि बरोबर लिहिलं. पुढची खेप किल्लीची होती. मला ती किल्ली तुझ्या कुलपात जायला नको होती. म्हणून मी प्रमाणपत्र टाइप करून टाकलं. सहा रकाने, सहा बरोबरच्या खुणा. पाचवा रकाना, 'धुराचा पाइप मोकळा आहे'. खालच्या मजल्यावरच्या एक काकू आत्ताच सांगत होत्या, गच्चीचं काम होऊन दीड वर्ष झालं. म्हणजे गेल्या वर्षी पत्रा तिथेच होता. कोणी आत येऊन यंत्र धरलं असतं तर तेव्हाच सापडला असता.

मला वाटलं होतं मी तुला सांभाळतेय. घरी जाताना त्या दिवशी मी खूश होते, ताई. खरंच खूश होते.

तुला आधीच का नाही सांगितलं? नोकरी जाईल म्हणून. आणि तू म्हणशील, परत हीच.

११.०९

आता हे सगळे कागद एकत्र करून दाराखाली सरकवते. कापडाला अडतायत, पण जातील. अर्धे आत, अर्धे बाहेर, माझ्या हातात. ओढून घे. बोलू नकोस, उघडू नकोस, नुसतं ओढ. ओढलेस की मी घरमालकांना खालीच थांबवते. नाही ओढलेस तर आम्ही दार तोडतो. विचारत नाहीये, सांगतेय.

ओढ गं.


सोमवार, १९ जानेवारी

ताई,

कागद हलले तेव्हा मला आधी वाटलं माझाच हात हलतोय. मग ते अर्ध्यावर थांबले. मी मनात मोजायला लागले, कशासाठी ते माहीत नाही. मग गेले. आणि दाराच्या अगदी जवळून तू म्हणालीस, "त्या बाईंना एकट्यांना येऊ दे. तू खाली जा."

मी गेले. मागे वळून बघितलं नाही, हे तुला आतून दिसलं असेल. नसेल दिसलं तर फिटरबाईंना विचार.

खाली घरमालक आले, खोकत, किल्ली अशी समोर धरून. मी जिन्यात आडवी उभी राहिले. म्हटलं, भाडेकरूने दार उघडलंय, तुमची गरज नाही. म्हणाले, अहो, माझंच घर आहे. म्हटलं, असू दे. मग दोघं पायरीवर बसलो. त्यांना पत्र्याबद्दल सांगितलं तर रडवेले झाले. मिस्त्रीला त्यांनीच आणलं होतं. ते किती वेळ रडवेले झाले तरी मी त्यांना वर सोडलं नाही.

फिटरबाई चाळीस मिनिटांनी तुम्हा दोघींना घेऊन दवाखान्याकडे निघाल्या, तेव्हा मी कोपऱ्यावरच्या दुकानात शिरले होते. तू न दिसण्याबद्दल बोलली होतीस म्हणून. संध्याकाळी त्यांनी सांगितलं, रक्त तपासलं, दोघी सुटलात, गोटीने सुईला चावायचा प्रयत्न केला. मास्तरही बायकोला ओळखायला लागलेत. आता ओळखून भांडतायत म्हणे.

फॉर्म मीच टाइप केला. गीझर सील. मग 'भाडेकरूच्या तक्रारी' हा रकाना. फिटरबाईंच्या अक्षरात आहे: आठ-नऊ महिने सकाळी डोकं दुखतं, सुट्टीच्या दिवशी कमी. मुलगी नोव्हेंबरात बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. अशक्तपणा समजून टॉनिक दिलं. बाथरूमच्या खिडकीला, दारांना, सगळ्या फटींना आतून कापड.

थंडीसाठी लावलंय असं तू त्यांना सांगितलंस. त्यांना ते पटलं. मला थंडीचं पटलं नाही; घरात कोणी आहे हे बाहेर कळू नये म्हणून ते आहे.

आठ-नऊ महिने. ते सगळे महिने प्रमाणपत्र लागू होतं. शेवटची तारीख मीच टाकली होती.

मी साहेबांना सांगितलं. आमचे साहेब म्हणजे, ऑफिसात सगळे त्यांना शिक्का म्हणतात, शिक्का हातात असला की माणूस खुलतो. सगळं ऐकून घेतलं, दार लावून घेतलं आणि विचारलं, अजून कोणाला कळलंय का? मग म्हणाले, फिटरकाकांचा मूळ कागद आहे ना, तोच मागच्या तारखेने वर लावू, प्रमाणपत्र काढून टाकू, तुझं वय काय, पुढे सगळं आयुष्य पडलंय. वाईट माणूस नाही. मुलीसारखं बघतात माझ्याकडे. ते बोलत होते आणि मला कळत होतं की मी हो म्हणणार. हो म्हणालेही. मान हलवली म्हणजे हो म्हणणंच ना?

बाहेर येऊन टेबलाशी बसले आणि सोबतचा हा फॉर्म काढला. भाडेकरूचा तक्रार अर्ज. माझ्या कबुलीचा कागद ड्रॉवरमध्ये जाऊ शकतो, भाडेकरूच्या अर्जाला नंबर पडतो. नंबर पडला की तो साहेबांच्या हातात राहत नाही. मी सगळं भरलंय. 'कोणाविरुद्ध' इथे माझं पूर्ण नाव. 'काय घडले' इथे चार ओळी. सही तुझी लागते आणि हल्लीचा पत्ता.

नको असेल तर फाडून टाक. मी हा अर्ज भरून पाठवला याचा अर्थ मी धीट आहे असा नाही. मान हलवून आलेय मी, सांगितलं ना. तू सही केलीस तर मला मागे फिरता येणार नाही, म्हणून पाठवतेय.

हे फिटरबाईंच्या हाती देतेय. आमच्यात काय आहे ते त्यांनी मला विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, नाक दोघींचं सारखं आहे.

मी


शनिवार, ३१ जानेवारी

ताई,

काल दुपारी फिटरबाईंनी अर्ज आणून दिला. तू त्यांना नवीन घर घ्यायच्या आधी बघायला नेलंस म्हणे. गीझर विजेचा, खिडक्या तीन, त्यांनी तिन्ही उघडझाप करून बघितल्या. घर कुठे ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, आणि विचारायचं नाही हे त्यांनी मला दोनदा बजावलं.

अर्जात तू एकच दुरुस्ती केलीस. मी लिहिलं होतं, 'चुकीने खूण केली'. तू 'चुकीने' खोडून 'खोटी' लिहिलंस. बाजूला छोटी सही. ते बघून मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि बाहेर येऊन फिटरबाईंना म्हटलं, बरोबर आहे.

मग पत्त्याचा रकाना बघितला. 'बहिणीला माहीत आहे.'

मला नव्हता माहीत. मी फिटरबाईंकडे बघितलं. त्यांनी पेटीच्या झाकणातून एक घडी घातलेला कागद काढला, मला दाखवला आणि परत ठेवला. म्हणाल्या, तिने सांगितलंय, अर्जावर नंबर पडल्याशिवाय हा द्यायचा नाही. नंबर दाखव, कागद घे.

मी साहेबांकडे गेले. त्यांनी अर्ज वाचला, मग पुन्हा वाचला, चष्मा काढला. म्हणाले, हे तूच भरलंयस. मी म्हटलं, हो, खाडाखोड सोडून. म्हणाले, याच्यावर नंबर टाकला तर तुला उद्यापासून येता येणार नाही, चौकशी होईपर्यंत तरी. मी म्हटलं, टाका. मग त्यांना पत्त्याचा रकाना दिसला. जरा आशेनेच म्हणाले, अपुरा आहे, पत्ता नाही. असा अर्ज घेता येत नाही.

"पत्ता मला माहीत आहे," मी म्हटलं. "पण मी सांगणार नाही. पत्रव्यवहार माझ्यामार्फत करा."

म्हणाले, अर्जदाराशी पत्रव्यवहार आरोपीमार्फत? असं कुठे असतं का? मी म्हटलं, या अर्जात असंच लिहिलंय, साहेब. शेवटी शिक्का मारला, आणि या वेळी अजिबात खुलले नाहीत. टेबल आवरायला दहा मिनिटं लागली. सहकारी म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, रजा.

फिटरबाईंनी नंबर वाचला आणि कागद दिला. एकदा वाचला, मग जिन्यातच फाडला. पाठ झालाय. पाकिटावर दिसेलच.

मी येणार नाही. तू बोलावलंस तर येईन, नाहीतर नाही.

संध्याकाळी घरी लवकर गेले. आईने विचारलं, आज लवकर? सांगितलं सगळं. गॅसचं, पत्र्याचं, खोट्या खुणेचं, नोकरीचं. ती ऐकत होती, हातात ओला कपडा तसाच. मग तिने तेच विचारलं जे ती नेहमी विचारते, फक्त या वेळी हळू.

"तुला ती कुठे आहे ते माहीत आहे?"

"आहे."

रविवारी भाऊजी येतील, हे आम्हाला दोघींनाही माहीत होतं. ती रडेल असं वाटलं. रडली तर माझं काय होईल याची मला भीती वाटत होती, ताई, खोटं कशाला बोलू. मी टेबलाची कड धरून उभी होते.

तिने तो ओला कपडा दोरीवर टाकला, दोन्ही टोकं सारखी केली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "गोटी उंच झाली असेल, नाही?"

मी म्हटलं, मी फक्त बूट बघितलेत. फिटरबाईंना विचारून सांगते.

मी